बोटीवरच्या दुसऱ्या माणसाने काय शिकावे?

प्रश्न : माझे यजमान आणि दीर यांनी मिळून सोळा फुटांची, आउटबोर्ड (मागच्या काठावर बाहेरून बसवलेल्या) इंजिनाची एक जुनी बोट घेतली आहे. हिवाळा सरून मोसम सुरू व्हायला अजून सात आठवडे आहेत. त्याआधी यजमानांनी बोट-सुरक्षेचा कोर्स करावा असे मला वाटते. त्यांचे म्हणणे असे की, "मी लहानपणापासून पाण्यात वाढलो, पट्टीचा पोहणारा आहे, मित्राची बोट दहा वर्षे चालवली आहे, वर्गात बसवून मला कोण काय शिकवणार?" दीरही त्यांचीच री ओढतात. मला पोहता येत नाही. मुले सहा आणि दहा वर्षांची आहेत. विषय काढला की घरात वाद होतो आणि गप्प बसले तर जीव थाऱ्यावर राहत नाही. या कोर्सचा खरोखर उपयोग होतो का? आणि होत असेल तर यजमानांना कसे पटवू? – एक वाचक

उत्तर :

प्रिय भगिनी,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, उपयोग होतो, आणि मोसम सुरू होण्याआधी कोर्स केला तर अधिक होतो. परंतु तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की कोर्स कोणी करायचा हे तुम्ही आधीच ठरवून टाकले आहे. बोट यजमान चालवणार, तेव्हा शिकायचे त्यांनी. तुम्ही स्वतः त्या हिशेबात कुठेच नाही. माझे सांगणे नेमके इथूनच सुरू होते. कोर्स तुम्ही दोघांनी करावा, आणि या सात आठवड्यांत दोघांपैकी एकालाच सवड मिळणार असेल, तर आधी तुमचे नाव घालावे.

असे मी का म्हणते, त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी आणि माझा थोरला भाऊ अशाच एका लहान बोटीतून तलावात गेलो होतो. दादा बोट उत्तम चालवत असे. अडकलेला एक दोर सोडवायला तो उभा राहिला, तेवढ्यात शेजारून गेलेल्या बोटीची लाट आली, आणि काही कळायच्या आत तो पाण्यात होता. आउटबोर्ड इंजिनाचा दांडा हातातून सुटला की पंख्याच्या फिरण्याच्या जोराने इंजिन एका बाजूला वळते आणि बोट सरळ न जाता गोल फिरू लागते. म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाच्या दिशेने ती पुन्हा पुन्हा परत येते. आमचीही बोट तशीच फिरू लागली. मी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसले होते आणि दादाला हाका मारत होते. माझ्यापासून हातभर अंतरावर, इंजिनाच्या पुढच्या बाजूला, टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखी वेटोळी असलेली एक लाल दोरी लोंबत होती. बोटीत बसल्यापासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती. ती ओढली की इंजिन बंद पडते, एवढे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या बोटीतल्या एका गृहस्थांनी "लाल दोरी ओढा" असे ओरडून सांगितले तेव्हा कुठे माझा हात तिकडे गेला. तोपर्यंत दादा जिवाच्या आकांताने पोहत त्या वर्तुळाबाहेर पडला होता, म्हणून तो आज आहे.

त्या दोरीला किल कॉर्ड म्हणतात. तिच्या एका टोकाचा चाप इंजिनाच्या स्विचवर बसवलेला असतो आणि दुसरे टोक चालकाने मनगटाला, मांडीला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायचे असते, म्हणजे तो जागेवरून फेकला गेला तर चाप निघतो आणि इंजिन तत्क्षणी थांबते. दादाला हे ठाऊक होते, पण वावरताना अडचण होते म्हणून त्याने ती तशीच लोंबती ठेवली होती. या दोरीची दुसरी बाजू मात्र आम्हा दोघांनाही पुढे कोर्समध्येच कळली. दोरी अडकवलेला चालक पडला तर चाप त्याच्याबरोबर पाण्यात जातो, आणि चापाशिवाय इंजिन पुन्हा सुरू होत नाही; मग वारा बोटीला एकीकडे नेऊ लागतो, माणूस दुसरीकडे राहतो आणि बोटीतल्या लोकांना नुसते पाहत बसावे लागते. म्हणून बोटीवर चापासह एक जादा दोरी ठेवायची असते, आणि ती कुठे ठेवली आहे व कशी बसवायची हे चालकाखेरीज निदान एकाला तरी ठाऊक असावे लागते. तुमच्या बोटीवर ती एक व्यक्ती तुम्ही आहात. यजमान पाण्यात पडले तर सोबत दहा वर्षांचे एक मूल, सहा वर्षांचे दुसरे आणि तुम्ही, एवढेच बोटीत उरता.

चांगल्या कोर्समध्ये हा प्रसंग पाण्यावर प्रत्यक्ष करवून घेतात. माणसाऐवजी लाइफ जॅकेट बांधलेला डबा किंवा बोया पाण्यात टाकतात आणि प्रत्येकाला पाळीपाळीने तो परत आणायला लावतात. माणूस पडला की मोठ्याने सांगायचे. हाती येईल ती तरंगणारी वस्तू त्याच्याकडे फेकायची. एकाने त्याच्याकडे हात रोखून धरायचा आणि काही झाले तरी नजर हटवायची नाही, कारण लाटांमध्ये माणसाचे डोके चेंडूएवढे दिसते आणि एकदा नजरेआड झाले की सापडता सापडत नाही. तुमच्या दहा वर्षांच्या मुलालाही हे काम नेमून देता येईल. ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला बोटीचे तोंड वळवायचे, म्हणजे बोटीची पिछाडी आणि तिच्याखालचा पंखा त्याच्यापासून दूर जातो. हे ऐकताना उलटे वाटते, म्हणूनच ते हातांनी करून पाहावे लागते. मग संथ गतीने, वाऱ्याला तोंड देत त्याच्याकडे यायचे आणि तो जवळ आला की इंजिन पूर्ण बंद करायचे, नुसते न्यूट्रलवर ठेवून भागत नाही. एवढे झाल्यावरही भिजलेल्या कपड्यांतल्या थकलेल्या माणसाला काठावरून आत घेणे हे एकट्याच्या ताकदीबाहेरचे काम असते. शिडी कुठे लावायची, ती नसेल तर दोराचा फास पायरीसारखा कसा सोडायचा, हे माझ्या पाहण्यात तरी कोणाला पहिल्या खेपेस जमलेले नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस जमते, आणि त्या दोन-तीन खेपा किनाऱ्याजवळ, प्रशिक्षक शेजारी असताना झालेल्या बऱ्या.

आता यजमानांच्या पोहण्याविषयी. ते पट्टीचे पोहणारे आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण हिवाळ्यानंतरच्या मोसमाचे एक वैशिष्ट्य आहे, ते त्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही. ऊन चढते, हवा उबदार होते, लोक पातळ कपड्यांत बोटी बाहेर काढतात. पाणी मात्र हवेइतक्या लवकर तापत नाही, ते कित्येक आठवडे थंडच राहते. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात शरीराचे काय होते याचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि त्यांनी रूढ केलेला '१-१०-१' हा ठोकताळा आता अनेक ठिकाणी शिकवला जातो. पहिले एक मिनिट श्वासाचे असते. अंगाला गार पाणी लागताच माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो आणि धापा टाकू लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. त्यानंतरची सुमारे दहा मिनिटे हातापायांची. तेवढ्या अवधीत बोटे आणि दंड हळूहळू ऐकेनासे होतात. आणि साधारण एक तास बेशुद्धी येईपर्यंतचा. लोक या शेवटच्या तासाला भितात, पण घात होतो तो पहिल्या मिनिटात किंवा त्या दहा मिनिटांत. पट्टीच्या पोहणाऱ्याचे कौशल्य त्याच्या हातापायांत असते आणि थंड पाणी आधी हातपायच काढून घेते. त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट असेल तर ते पहिले मिनिट तो तरून जातो, आणि पुढच्या दहा मिनिटांत बोटीकडे परतायचे किंवा दोर पकडायचा एवढेच काम उरते. बोट उलटली तर तिला सोडून किनारा गाठायचा प्रयत्न करू नये, तिलाच धरून राहावे, हाही नियम यातूनच आला आहे. किनारा पाण्यातून पाहताना नेहमी जवळ वाटतो.

आकडे हवे असतील तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा हौशी नौकानयनाविषयीचा २०२३ सालचा अहवाल पाहता येईल. त्या वर्षी ५६४ मृत्यू नोंदले गेले. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले त्यांतले ७५ टक्के बुडून गेले होते, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या लाइफ जॅकेटची नोंद मिळाली त्यांतल्या ८७ टक्के जणांनी ते घातलेले नव्हते. चालकाच्या प्रशिक्षणाविषयी माहिती मिळालेल्या मृत्यूंपैकी ७५ टक्के मृत्यू अशा बोटींवर झाले, ज्यांच्या चालकाने सुरक्षेचे शिक्षण घेतले नव्हते. या शेवटच्या आकड्याचा अर्थ मी फार ताणणार नाही, कारण शिक्षण न घेता बोट चालवणारे मुळातच पुष्कळ असतात. लाइफ जॅकेटच्या आकड्याविषयी मात्र मला शंका घ्यावीशी वाटत नाही, आणि ते घालण्याची सवय लावणे हेच कोर्सचे निम्मे काम असते.

दहा वर्षांच्या अनुभवाचा मी अनादर करत नाही. वारा, लाट, इंजिनाचा आवाज यांची जाण अनुभवानेच येते. पण ओळखीच्या पाण्यात, मित्राच्या बोटीवर, सगळे सुरळीत चाललेले असताना आलेला तो अनुभव आहे. बिघडलेल्या वेळेचा अनुभव त्यात बहुधा नसतो, आणि नसावा हेच बरे. शिवाय पाण्यावरच्या वाटेचे नियम निव्वळ पाहून उमगत नाहीत. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. कित्येक देशांतले नद्या-तलावांचे नियमही त्यांच्याशी मिळतेजुळते आहेत. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनीही उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते, तिने बाजूला व्हायचे. रात्री हेच दिव्यांवरून कळते, कारण बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. आपल्या उजव्या हाताला आडव्या जाणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला की वाट आपण सोडायची. मागून येऊन ओलांडणाऱ्याने, मग त्याची बोट शिडाची का असेना, पुढच्यापासून अंतर राखायचे. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर समोरच्याला आपला इरादा कळलेला नाही असे समजायचे. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला यातले पुष्कळसे सोपे वाटते, पण बोटीला ब्रेक नसतो आणि ती पुढून न वळता मागून वळते, हे लक्षात घेतले की "सोपे आहे" हा शब्द मागे घ्यावा लागतो. यजमानांना यातले दोन-तीन प्रश्न सहज गप्पांच्या ओघात विचारून पाहा. उत्तरे आली तर मला आनंदच आहे. अडली तर तुम्हाला काही बोलावे लागणार नाही.

कोर्स निवडताना एक गोष्ट काटेकोरपणे पाहा. नुसता संगणकावर करायचा कोर्स नियम, दिवे, खुणांचे बोये आणि हवामान शिकवतो. परीक्षा घेतो, प्रमाणपत्रही देतो. तो वाईट नाही, घरबसल्या रात्री मुले झोपल्यावर करता येतो. पण वर सांगितलेले पंख्याचे आणि शिडीचे काम पडद्यावर शिकता येत नाही, म्हणून ज्यात पाण्यावरचा सराव आहे असाच कोर्स घ्या. नाव नोंदवण्याआधी विचारा : एका बोटीवर किती शिकाऊ असतात, प्रत्येकाच्या हाती सुकाणू किती वेळ येते, माणूस पाण्यात पडल्याचा सराव प्रत्येकाकडून करवून घेतात की फक्त करून दाखवतात, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरवतात का. तुमच्या भागात बोट चालवायला परवाना किंवा प्रमाणपत्र सक्तीचे आहे का आणि तिथे कोणता कोर्स मान्य आहे, हे स्थानिक जलवाहतूक खात्याकडे विचारून घ्या. बोटीचा विमा उतरवताना तोच प्रश्न पुन्हा येऊ शकतो. आणि हे या आठवड्यातच करा. मोसम तोंडावर आला की सगळ्यांनाच आठवण होते, वर्ग भरतात आणि सराव उरकता घेतला जातो. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्यांची गर्दी मी दर वर्षी पाहते. आता गेलात तर प्रशिक्षकाला वेळ असेल, आणि शिकलेले घोटून घ्यायला तुम्हाला तीन-चार आठवडे मिळतील. शक्य असेल तर सराव तुमच्याच बोटीवर व्हावा असे पाहा. जुनी बोट आहे, प्रशिक्षकाच्या नजरेस इंधनाची गळकी नळी किंवा झिजलेली किल कॉर्ड पडली तर तेही एक मोठेच काम होऊन जाईल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठून राहते, त्यामुळे अशी गळती अंगणातल्या गाडीच्या गळतीपेक्षा कितीतरी धोक्याची असते.

तुम्हाला पोहता येत नाही, हे न लपवता पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगा. बोटीचा कोर्स करायला पोहता आलेच पाहिजे अशी अट सहसा नसते, पण त्यानुसार तुमच्या अंगावरचे साधन बदलते. लाइफ जॅकेट माणसाला किती जोराने तरंगते ठेवते याचा आकडा त्यावर न्यूटनमध्ये छापलेला असतो. ५० न्यूटनचे साधन फक्त चांगल्या पोहणाऱ्यांसाठी असते. त्याने तरंगायला मदत होते, पण पालथा पडलेला माणूस उताणा होईल याची खात्री नसते. तुमच्यासाठी १०० न्यूटनचे, आणि मोकळ्या, लाटांच्या पाण्यात जाणार असाल तर १५० न्यूटनचे घ्या. मुलांचे लाइफ जॅकेट त्यांच्या आजच्या वजनाचे हवे. "पुढच्या वर्षीही येईल" म्हणून मोठे घेतलेले जॅकेट पाण्यात वर सरकते आणि मूल खालून निसटते. पायांमधून जाणारा पट्टा असलेले घ्या, तो पट्टा प्रत्येक वेळी बांधा आणि खांद्यावर धरून मुलाला उचलून पाहा. जॅकेट कानांपर्यंत वर आले तर ते त्याचे नव्हे.

राहिला यजमानांना पटवण्याचा प्रश्न. "तुम्हाला येत नाही, म्हणून शिका" हे वाक्य तुम्ही कितीही गोड शब्दांत बोललात तरी त्यांना ते तसेच ऐकू येणार. त्यात दीर शेजारी बसलेले असले तर माघार घेणे त्यांना आणखी जड जाणार. म्हणून त्यांच्या शिकण्याचा विषय तुम्ही काढूच नका. तुमचा काढा. दोघेच असताना शांतपणे विचारा, "तुम्ही पाण्यात पडलात तर तुम्हाला परत आणायचे मलाच आहे. ते मला येत नाही. मी शिकायला जाते आहे. तुम्ही सोबत याल का?" हे खरे आहे, म्हणून त्यात डावपेच नाही, आणि या प्रश्नाला पट्टीच्या पोहण्याचे उत्तर देता येत नाही. ते म्हणतील की मीच तुला शिकवतो. त्यांच्या मनातली माया ओळखा, पण मोडता घाला. नवऱ्याकडून सुकाणू शिकताना धड प्रश्नही विचारले जात नाहीत, आणि तुम्हाला शिकवताना पाण्यात पडून दाखवणे त्यांना शक्य नाही. ते आले नाहीत तरी तुम्ही जा. घरी येऊन जे शिकलात ते सांगत राहा. शिकून आलेल्या बायकोने जादा दोरी कुठे आहे असे विचारल्यावर दुसऱ्या तुकडीत मुकाट्याने नाव घातलेले नवरे मी पाहिले आहेत. दीरांनाही निमंत्रण द्या. बोट त्यांचीही आहे, आणि कधी तरी तुमची मुले ते एकटेच घेऊन जातील.

यजमान कोर्सला येवोत वा न येवोत, दोन गोष्टी मात्र बोट पाण्यात उतरण्याआधी घरात ठरवून घ्या. बोट चालवणाऱ्याने त्या दिवशी मद्याला स्पर्श करायचा नाही. आणि निघताना कुठे जातो, कितीजण आहोत, किती वाजता परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवायचे. ती वेळ टळली तर त्याने कोणाला कळवायचे, तेही त्याला लिहून द्यायचे. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटींवरचा बोलण्याचा बिनतारी संच, बसवणार असाल तर सोळा क्रमांकाच्या चॅनेलवर 'मेडे' हा संकटाचा पुकारा तीनदा म्हणून बोटीचे नाव, जागा, काय झाले आणि किती माणसे आहेत हे सांगण्याचा क्रम तुम्ही स्वतः पाठ करा.

मोसमातली पहिली फेरी मुलांना न घेता, दोघांनीच करा. धक्क्यापासून बोट यजमानांनी बाहेर न्यावी. निम्म्या वाटेवर त्यांनी मनगटावरची दोरी काढून तुमच्या मनगटाला अडकवावी, स्वतः पुढच्या फळीवर जाऊन बसावे, आणि परत धक्क्याला बोट तुम्ही लावावी.